शितावरून आभाळाची परीक्षा

स्वयंपाकघरात ज्या जिनसाचे वजन सर्वांत कमी, त्याचाच अधिकार पुष्कळदा सर्वांत मोठा असतो. हंडाभर दुधाचे दही करावयास विरजणाचा चमचा पुरतो. पातेलेभर आमटीला हिंगाचा कण पुरतो. आणि चिमूटभर मीठ घालावयाचे राहिले, तर उत्तम शिजलेले अन्नही ताटात तसेच पडून राहते. गृहिणींना हे सांगावयास नको. पण जी हवा आपण सर्व जण रात्रंदिवस आत घेतो आणि बाहेर टाकतो, तिलाही हाच नियम लागू आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी असते.

कोरड्या हवेच्या शंभर भागांपैकी ७८ भाग नत्रवायूचे आणि २१ भाग प्राणवायूचे, हे आपण शाळेत शिकलो. राहिलेल्या एका भागातही जवळजवळ सगळा आरगॉन नावाचा वायू असतो आणि तो बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात. ह्या तिघांचा वाटा काढून घेतला, म्हणजे दहा हजारांत चार-पाच भाग काय ते शिल्लक उरतात. तेवढ्याशा जागेत कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन आणि माणसाने गेल्या शतकात कारखान्यांतून निर्माण केलेले कित्येक वायू दाटीवाटीने राहतात. त्यांना ह्या लेखापुरते आपण ‘लेशवायू’ म्हणू.

लेश खरे, पण त्यांचा अधिकार पाहा. पृथ्वीवरून वर जाणारी उष्णता नत्रवायू अडवीत नाही, प्राणवायूही अडवीत नाही. ते काम पाण्याची वाफ आणि हे लेशवायू करतात. ही मंडळी नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्यापेक्षा सुमारे ३३ अंशांनी खाली उतरले असते आणि नद्या-समुद्र गोठून गेले असते. सूर्याच्या घातक किरणांपासून आपली कातडी आणि आपले डोळे वाचवणारा वरच्या थरातला ओझोन हाही लेशवायूच. पांघरूण मुळीच नसेल तर माणूस थंडीने मरतो. एकावर एक चढवीत गेले तर घामाने हैराण होतो. म्हणूनच ह्या पांघरुणाची जाडी कोणीतरी नित्य मोजीत राहणे अगत्याचे आहे. ही मोजणी कशी होते, आणि ती मध्येच थांबली तर काय गमावते, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा आज विचार आहे.

प्रथम ‘लेश’ म्हणजे किती, हे तांदळावर मोजून पाहू. तांदळाचे दहा लाख दाणे मोजले, तर त्यांचे वजन साधारण वीस-बावीस किलो भरेल, म्हणजे एक मध्यम पोते. ते पोते ही हवा असे धरले, तर त्यात कार्बन डाय-ऑक्साइडचे दाणे सव्वाचारशेच्या आसपास असतील. एका लहान चमच्यात मावतील एवढे. मिथेनचे दाणे अवघे दोन, तेही जेमतेम. फ्रिजमध्ये आणि फोममध्ये वापरल्या गेलेल्या सीएफसी-११ नावाच्या वायूचा एक दाणा शोधावयाचा म्हटले, तर पोते पुरणार नाही. वीस-बावीस हजार टन तांदळाने भरलेले एक अख्खे जहाज मुरगाव बंदरात आणावे लागेल, आणि त्या जहाजात मिळून ह्या वायूचे दाणे निघतील सुमारे सव्वादोनशे. जहाजातले सव्वादोनशे दाणे मोजणारी माणसे ह्या जगात आहेत. किंबहुना पुढल्या वर्षी त्यांतला एक दाणा कमी झाला की दोन, हेही ती सांगू शकतात.

ह्या मोजणीचा पाया ज्यांनी घातला, त्यांचे नाव चार्ल्स डेव्हिड कीलिंग. हे अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या आधीही हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारे होते, परंतु प्रत्येकाचा आकडा निराळा, म्हणून ह्या वायूचा नेम नाही असा समज होऊन बसला होता. कीलिंग १९५५ च्या सुमारास काचेची भांडी घेऊन कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या रानात राहिले. दिवसा आणि रात्री, दर थोड्या तासांनी उठून त्यांनी हवा भरून घेतली. रात्री झाडांच्या निश्वासाने आकडा चढे, सकाळी उतरे. पण भर दुपारी, वरची-खालची हवा चांगली ढवळून निघाल्यावर, जिथे जावे तिथे दहा लाखांत ३१० च्याच जवळपास आकडा येई. नेम हवेचा चुकत नव्हता. मोजणाऱ्यांच्या हाताचा चुकत होता.

पुढे मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ ह्या ज्वालामुखी पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर, त्यांच्या यंत्राने अखंड मोजणी सुरू केली. पहिला आकडा आला ३१३. ज्वालामुखीवर हवा मोजावयाची म्हणजे धुराड्याशेजारी बसून चंदनाचा वास घेण्यासारखे, असे कोणी म्हणेल. पण वारा जेव्हा डोंगराच्या भेगांवरून येई किंवा खालच्या झाडीतून वर चढे, तेव्हाचे आकडे त्यांच्या पटकन लक्षात येत आणि ते बाजूला ठेवले जात. महासागरावरून स्थिर वाहत आलेल्या वाऱ्याचेच तेवढे हिशेबात घेतले जात. शिवाय बाजारात जशी वजने तपासून त्यांवर शिक्का मारतात, तशी ठरावीक प्रमाणाची हवा पोलादी नळकांड्यांत बंद करून तिच्याशी यंत्र पुनःपुन्हा ताडून पाहण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. आजही जगभरची केंद्रे अशाच ‘शिक्क्याच्या’ हवेवर आपापला तराजू तपासतात.

पहिल्या दोन-तीन वर्षांतच दोन गोष्टी उघड झाल्या. उत्तर गोलार्धात मे महिन्यात आकडा शिगेस पोचतो, आणि उन्हाळाभर रानांनी पाने धरली की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खाली येतो. अवघी सृष्टी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते, तो हा श्वास. दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक वर्षीचा श्वास मागल्या वर्षीपेक्षा थोडा वरच्या पायरीवर सुरू होत होता. यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी २८० च्या आसपास असलेला हा आकडा १९५८ साली ३१५ होता, मे २०१३ मध्ये मौना लोआच्या दैनिक नोंदीत तो ४०० वर गेला, आणि २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे भरली. दगडी कोळसा, तेल आणि जंगले जाळल्याची ही जमेची बाजू होय.

आमच्या मनाला लागून राहिली ती मात्र ह्या चढत्या रेषेतली एक लहानशी रिकामी जागा. १९६४ साली पैशाची ओढाताण झाली, आणि फेब्रुवारी ते एप्रिल ह्या तीन महिन्यांचे आकडे त्या नोंदीत नाहीत. काम लवकरच पुन्हा सुरू झाले, हे खरे. पण त्या तीन महिन्यांत मौना लोआवरून वाहून गेलेली हवा कायमची गेली. जमिनीवरची मोजणी चुकली तर साखळी घेऊन पुन्हा जाता येते, शेत जागचे हालत नाही. हवेचे तसे नाही. कीलिंग २००५ मध्ये निवर्तले, तोपर्यंत ते ह्या नोंदीच्या पैशासाठी झगडत राहिले. एवढे वर्षानुवर्षे तेच ते मोजून नवे काय कळणार, असा प्रश्न त्यांना वारंवार ऐकावा लागे.

हा प्रश्न आम्हीही ऐकला आहे, आणि तोही आपल्याच मुलखात. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात काब द राम नावाचे भूशिर समुद्रात शिरले आहे. वर जुना किल्ला, आत संत अंतोनीचे शुभ्र चर्च, खाली तिन्ही अंगांनी फेसाळणारे पाणी. वनवासात प्रभू रामचंद्र येथे राहिले, अशी लोकांची श्रद्धा आहे. चार वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता आम्ही बेळगावहून पुतण्याला बरोबर घेऊन तेथे गेलो होतो. पश्चिमेच्या तटावर उभे राहवत नव्हते, एवढा वारा होता. १९९३ पासून ह्याच भूशिरावरून काचेच्या भांड्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या प्रयोगशाळेत पाठवली जात असे, असे आम्ही त्याला सांगितले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेने मिळून हे काम हाती घेतले होते.

पुतण्या हसला. “काका, एवढा मोठा समुद्र, एवढा वारा. त्यातली बाटलीभर हवा नेऊन त्यांना काय कळणार?”

“तुझी आजी हंडीतला सगळा भात चेपून पाहत असे का रे?” आम्ही विचारले. “एक शीत उचलून बोटांत दाबायची, आणि हंडी उतरवायची.”

“पण काका, भात नीट ढवळलेला असला तर. बुडाला करपलेला आणि वर कच्चा असला, तर एका शितावरून काय कळायचे?”

मुलाचे बोलणे अगदी मर्मावर होते. शितावरून भाताची परीक्षा करावयाची, तर शीत कोठले उचलावे हे कळले पाहिजे. म्हणून तर ही माणसे शहरातल्या चौकात बाटली उघडत नाहीत, तर अशा भूशिरांवर येतात. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावयाचे, दूरची हवा येत आहे अशी खात्री करावयाची, आणि भांडे भरताना आपला श्वास त्यात जाऊ द्यावयाचा नाही. आपल्या निश्वासात कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट असते. मोजणाऱ्याचा एक उसासा सगळी मेहनत फुकट घालवील.

काब द राम ही जागा आणखी एका कारणाने मोलाची आहे. जून ते सप्टेंबर तेथे नैर्ऋत्येचा वारा येतो. तो हजारो मैल पाण्यावरून, विषुववृत्तापलीकडून आलेला असतो आणि त्यात वस्तीचा धूर जवळजवळ नसतो. हिवाळ्यात वारा फिरतो आणि हिंदुस्थानच्या भूमीवरून समुद्राकडे वाहू लागतो. त्याच्याबरोबर भातखाचरांचे आणि गुराढोरांचे मिथेन येते, चुलींचा, शेकोट्यांचा आणि कारखान्यांचा कार्बन मोनॉक्साइड येतो. एकाच जागी उभे राहून पाहुण्याची पाटी कोरी वाचावयाची आणि सहा महिन्यांनी त्याच पाटीवर घरच्यांनी काय लिहिले ते वाचावयाचे, अशी सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ह्या दोन वाऱ्यांतला फरक तिथल्या नोंदीत स्पष्ट उतरला आहे.

पण २००२ नंतर त्या नोंदीत काही वर्षांचा खंड पडला. त्या वर्षांतही दर हिवाळ्यात आमच्या घरांवरची, शेतांवरची हवा काब द रामच्या तटावरून समुद्राकडे गेली. भांडे घेऊन तेथे कोणी उभे नव्हते. आपल्या देशात कारखाने, मोटारी आणि वस्ती झपाट्याने वाढली ती नेमकी ह्याच काळात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रिकाम्या पानांची किंमत कळते.

नुसती मोजणी करून आकडा हाती येतो. तो वायू कोठून आला, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी दुसरी विद्या लागते, आणि तिचे मूळही घरातच सापडेल. संध्याकाळी आपण ओसरीवर बसलो असता सुके बांगडे भाजल्याचा वास आला, म्हणजे आपण काय करतो? वारा कोणत्या बाजूचा आहे ते पाहतो, वास किती उग्र आहे ते पाहतो, आणि कोणाच्या घरी काय शिजत आहे ते बिनचूक सांगतो. हीच गोष्ट शास्त्रज्ञ गणिताने करतात. वातावरणाचे लक्षावधी खण कल्पून प्रत्येक खणातला वारा, ऊन, उष्णता संगणकात मांडतात. मग मोजणीच्या केंद्रापासून काल्पनिक कण सोडून घड्याळ उलटे फिरवतात: आज दुपारी येथे आलेली हवा काल कोठे होती, परवा कोणत्या गावावर होती? असे शेकडो दिवसांचे मार्ग आखले आणि प्रत्येक दिवसाचा आकडा त्याशेजारी ठेवला, की धूर सोडणारी चूल नकाशावर हळूहळू उजळू लागते. ह्या मांडणीला ते प्रतिमान म्हणतात. मोजणीवाचून प्रतिमान म्हणजे केवळ अंदाज. आणि प्रतिमानावाचून मोजणी म्हणजे ठावठिकाणा नसलेले पत्र.

ह्या दोन्ही विद्या एकत्र आल्या म्हणजे काय घडते, ह्याची एक अलीकडची हकीकत सांगण्यासारखी आहे. तिची सुरुवात आपल्या सर्वांच्या घरात झाली. १९८६ साली आमच्या घरचा जुना फ्रिज बिघडला. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने नळी सैल केली, ‘फुस्स’ असा आवाज झाला, आणि आतला वायू खिडकीतून निघून गेला. त्या काळची सर्वत्र रीत तीच होती. ना वास, ना रंग, ना कोणाला ठसका. सौ. म्हणाल्या, “गेला एकदाचा!” त्या वायूचे नाव सीएफसी-१२. हवेतले त्याचे सरासरी आयुष्य सुमारे शंभर वर्षांचे. म्हणजे त्या दुपारी आमच्या खिडकीतून गेलेल्या वायूपैकी दोन-तृतीयांश आजही पृथ्वीभोवती फिरत आहे. वर्षा-दोन वर्षांत तो दक्षिण ध्रुवापर्यंत पोचला असेल.

ह्या कुळातील वायू १९३० च्या सुमारास निघाले, तेव्हा त्यांचे मोठे कौतुक झाले. ते पेट घेत नव्हते आणि विषारी नव्हते. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक ह्यांनी अत्यल्प वायूही पकडणारे एक यंत्र घडवले होते. ते घेऊन ते १९७१ मध्ये ‘शॅकलटन’ जहाजावरून दक्षिण ध्रुवाच्या दिशेने गेले. भर महासागरात, जेथे कारखाना नाही की फ्रिज नाही, तेथेही त्यांना सीएफसी-११ सापडला: आपल्या त्या तांदळाच्या जहाजात पन्नासेक दाणे. तोवर जगात जेवढा तयार झाला होता, तो बहुतेक सगळा हवेतच शिल्लक होता. त्यात काही धोका असेल असे लव्हलॉकना त्या वेळी वाटले नाही. परंतु १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड ह्यांनी दाखवून दिले की, हा वायू वरच्या थरात गेला म्हणजे उन्हाने फुटतो आणि त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोन खात सुटतो. १९८५ मध्ये जो फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण ध्रुवप्रदेशातील हॅली येथील वर्षानुवर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. वसंत ऋतूत तेथला ओझोन घसरत चालला होता. त्या नोंदी १९५७ च्या सुमारास सुरू झाल्या होत्या. पहिली वीस वर्षे तेच ते कंटाळवाणे आकडे कोणी लिहून ठेवले नसते, तर घसरण कशाशी ताडून पाहिली असती?

१९८७ साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला. आपला देश १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २०१० पर्यंत हे वायू तयार करणे जगभर थांबवावयाचे ठरले, आणि हवेतले प्रमाण खरोखरच उतरू लागले: सीएफसी-११ चे आपल्या जहाजात दरसाल सुमारे दोन दाणे कमी.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अमेरिकेतील बोल्डर येथील स्टीफन मॉन्त्झ्का आणि त्यांचे सहकारी जगभरच्या केंद्रांतून आलेली भांडी तपासत होते. २०१२ नंतर दोन दाण्यांऐवजी एकच दाणा कमी होऊ लागला. जहाजभर तांदूळ, आणि फरक एका दाण्याचा! आधी त्यांनी आपलाच तराजू तपासला, मग वाऱ्यात काही बदल झाला की काय ते पाहिले. उत्तर गोलार्धाची हवा दक्षिणेपेक्षा अधिक भरत होती. तेव्हा उगम उत्तरेकडे होता. २०१८ साली त्यांनी जाहीर केले की, कोणीतरी दरवर्षी सुमारे तेरा हजार टन जास्तीचा वायू सोडीत आहे. कागदोपत्री तर जगात त्याचे उत्पादन शून्य होते. कागद एक सांगत होता, वारा दुसरेच सांगत होता.

कोण सोडीत आहे, हे सांगावयास दूरची केंद्रे पुरी पडेनात. तेथे दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील गोसान आणि जपानचे हातेरुमा ही दोन केंद्रे उपयोगी पडली. वारा चीनच्या किनाऱ्यावरून आला की तिथला आकडा एकदम उसळे. निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या पद्धतींनी घड्याळ उलटे फिरवले, आणि मे २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वाढीचा निदान ४० ते ६० टक्के भाग पूर्व चीनमधून, मुख्यतः शानदोंग आणि हबेई प्रांतांतून येत होता. फोम तयार करणारे काही कारखाने स्वस्तात पडतो म्हणून हा वायू चोरून वापरीत असल्याचे एका पर्यावरणसंस्थेने त्याआधीच उजेडात आणले होते. चिनी सरकारने तपासण्या सुरू केल्या, कारवाई केली. आणि २०१९ चे आकडे आले तेव्हा जगाचा एकूण उत्सर्ग पुन्हा २०१२ पूर्वीच्या पातळीवर उतरला होता. ओझोनची जखम भरण्यास जो मोठा विलंब लागला असता, तो टळला.

ह्यात कोण्या एका देशाकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही; चार पैसे वाचवण्यासाठी आडवाट धरणारी माणसे सर्व देशांत असतात. वाऱ्याची साक्ष दोषी ठरवते, तशी निर्दोषही ठरवते. आपलेच उदाहरण घ्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवेतल्या आणि उपग्रहांच्या मोजणीवरून भारतातील मिथेनचा हिशेब काढला गेला. २०१० ते २०१५ ह्या वर्षांत तो दरसाल सुमारे २२ दशलक्ष टन भरला, आणि आपल्या सरकारने जगाला सांगितलेल्या आकड्याशी तो जुळला. आपला शब्द खरा होता, हे आपण न सांगता हवेने सांगितले.

पण चीनच्या हकिकतीचा एक भाग आम्हांला अस्वस्थ करतो. वाढीचा ४० ते ६० टक्के ठावठिकाणा लागला. मग बाकीचा कोठून आला? ते निश्चित सांगता आले नाही, कारण जगाच्या फार मोठ्या भागावर वाऱ्याकडे तोंड करून कोणी उभेच नव्हते. आफ्रिकेचा बराच प्रदेश, दक्षिण अमेरिकेचा बराच प्रदेश, आणि आपले विशाल आभाळही त्यात मोडते. २००९ पासून पुण्याजवळ सिंहगडावर पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि एवढ्या मोठ्या देशाच्या हंडीतून उचललेली शिते अद्याप बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. भात कोठे करपला आणि कोठे कच्चा राहिला, हे तेवढ्यावरून कसे कळावे?

टास्मानियाच्या टोकावर केप ग्रिम नावाचे एक केंद्र आहे. १९७८ पासून तेथील लोक नेमाने हवा पोलादी टाक्यांत भरून सीलबंद करून ठेवतात. आज ज्याचे नावही माहीत नाही असा एखादा वायू उद्या कोणी शोधू पाहील, त्याच्यासाठी. आणि तसे घडलेही: कराराच्या नजरेतून सुटलेले ह्याच कुळातील काही वायू २०१४ मध्ये त्या जुन्या टाक्यांतल्या हवेत ओळखले गेले. ज्यांनी १९७८ मध्ये टाकी भरली, त्यांना ह्या वायूंची कल्पनाही नव्हती. आमच्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही चाळताना आमच्या मनात हाच विचार येतो. झिजलेल्या टाकाने त्या दिवशीचे नाव, आईबापांची नावे, तारीख लिहिणाऱ्या फादरांना ते नाव शंभर वर्षांनी कोण शोधीत येईल हे ठाऊक नव्हते. एक रविवार त्यांनी कंटाळा केला असता, तर एका घराण्याचा धागा तेथेच तुटला असता.

वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज शाळा-महाविद्यालयांत विज्ञान शिकत आहेत. मोठा शोध, मोठे यंत्र, मोठा पगार ह्यांची स्वप्ने त्यांनी अवश्य पाहावीत. परंतु त्यांतला एखादा मुलगा, एखादी मुलगी जर म्हणाली की, आपण एका भूशिरावर राहून दर आठवड्याला श्वास रोखून बाटलीभर हवा भरणार आणि आकडे लिहून ठेवणार, तर आईबापांनी कपाळाला हात लावू नये. आणि ज्यांच्या हाती ह्या कामाचा पैसा मंजूर करणे वा कापणे असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, रस्ता पुढल्या वर्षी बांधता येतो, इमारत पुढल्या वर्षी उभारता येते. ह्या वर्षीची हवा मात्र पुढल्या वर्षी मोजता येणार नाही.